रोजचे चारशे चोर

२२ सप्टेंबर, सोमवार

माझं 'वाचा' आज प्ले स्टोअरवर चढलं. सकाळी दहाला कन्सोल (बनवणाऱ्याला हिशेब दाखवणारं पान) उघडलं तर अ‍ॅपच्या नावापुढे हिरवी खूण. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता पगार चालू होईल का?" या घरात याहून मोठा प्रश्न कुणाला पडत नाही.

म्हणून ही वही. परभणीत अक्कल असलेल्या माणसाला बोलायला दुसरं कुणी नाही. पुण्याची नोकरी मी सोडली त्याला पाच महिने झाले. (काढायच्या यादीत माझं नाव होतं हे खरं. पण यादी लागली नसती तरी मी सोडणारच होतो.)

'वाचा'चं काम साधं आहे. आंधळ्या माणसाने फोन कागदासमोर धरायचा, बटण दाबायचं. अ‍ॅप फोटो काढून एका मोठ्या कंपनीच्या सेवेकडे पाठवतं, तिकडून अक्षरं ओळखून येतात, फोन ती मोठ्याने वाचतो. जिल्ह्यातल्या अंधांच्या मंडळासाठी केलंय, सभासद एक्केचाळीस. पैसे घेतले नाहीत. पंधरा ऑक्टोबरला पांढऱ्या काठीच्या दिवसाचा सरकारी कार्यक्रम आहे, फोटो पेपरात येईल, आणि हैदराबादच्या कंपनीच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी सामाजिक हवंच असतं.

ऑगस्टमध्ये मी मंडळाच्या खोलीत बसून एकेकाच्या फोनमध्ये केबल लावून अ‍ॅप टाकलं होतं. घामाचा, तेलाचा वास, आणि प्रत्येकाचे तेच प्रश्न. चाललं मात्र झकास. ताडकळसच्या सरजाबाई, साखरेने डोळे गेलेल्या, औषधवाल्याने मराठीत माहिती चिकटवलेलं गोळ्यांचं पाकीट फोनने वाचून दाखवलं तर रडायलाच लागल्या. मंडळाचे सचिव खंदारे यांनी पेढे वाटले. मी घड्याळ बघत होतो.

स्टोअरवर चढवण्याआधी एक शहाणपणाचं काम केलं. सेवा वापरायला कंपनी एक चावी देते. माझी चावी उघडी आहे, कुणीही चोरून वापरेल, अशी मेल आली होती. मग चावीला बंधन घातलं. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याचा ठसा असतो. माझा ठसा असेल तरच दार उघडायचं, नाहीतर हाकलायचं. पुण्यात निम्म्या लोकांना हे कळत नव्हतं.

सगळ्यांना निरोप दिला: जुनं अ‍ॅप काढा, स्टोअरवरून नवं घ्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

अपेक्षेप्रमाणे. दोन दिवसांत सोळा फोन. "सर, बोलत न्हाई."

खंदारे स्वतः एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहेत. जन्मापासून दिसत नाही, बावन्न वय, आवाज रेडिओसारखा. ते म्हणाले, "सर, बटण दाबलं की टक् होतंय, फोटो निगतोय, पर पुढं काईच न्हाई."

मी माझ्या फोनवर लगेच करून पाहिलं. किराणा दुकानाची पिशवी धरली, फोनने धडाधड वाचली. म्हटलं, "काका, माझ्याकडे चालतंय. फोन सरळ धरायला शिका."

"ऑगस्टात सरळच धरत होतो की," ते म्हणाले.

या लोकांना वाद घालायची भारी हौस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक गंमत सापडली. कन्सोलमध्ये सेवेचा आलेख असतो: किती विनंत्या आल्या, किती मंजूर, किती नामंजूर. मंजूर पंधरा-वीस, त्या माझ्याच. आणि नामंजूर? रोजच्या साडेतीनशे ते चारशे! कारण दिलेलं: अधिकार नाही.

म्हणजे कुणीतरी माझी चावी चोरली आहे आणि रोज चारशे वेळा दारावर धडका देतंय. आणि माझं कुलूप त्यांना रोज चारशे वेळा परत पाठवतंय. मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. कुलूप घातलं नसतं तर केवढं बिल आलं असतं! हे मुलाखतीत सांगण्यासारखं आहे.

चोरही पद्धतशीर दिसतात. सकाळी सातच्या सुमाराला एक लाट, रात्री नऊला दुसरी. दुपारी झोपतात.

२९ सप्टेंबर, सोमवार

खंदारे घरी आले. ऑटोवाल्याने दारात सोडलं. आईने हात धरून आत आणलं, खुर्ची कुठे, टेबल कुठे सांगितलं, चहाचा कप हातात दिला. सगळं मला न विचारता, आणि त्यात अर्धा तास गेला.

"एक्केचाळीसमधल्या एकाचंबी चालत न्हाई सर. एकाचंबी. सगळ्यांचेच हात वाकडे हायेत का?"

मी म्हटलं, "काका, अ‍ॅपमध्ये चूक असती तर माझ्या फोनवरपण बंद पडलं असतं. हे तर्काने समजतं."

त्यांनी चाचपून कप टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या फोनमधलं अ‍ॅप अन् आमच्या फोनमधलं अ‍ॅप एकच हाय ना?"

"अर्थात एकच."

"बरं," ते म्हणाले.

जाताना आईला म्हणाले, "पोरगं हुशार हाय तुमचं." आईला ते कौतुक वाटलं. मलाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. कन्सोल बघितलं तर नामंजूर विनंत्या फक्त नव्वद. चोरांनाही दसऱ्याची सुट्टी! हसून हसून पोट दुखलं.

फोन मात्र काल पण वाजतच होता. पिंगळी स्टेशनवर कंगवे-कुलपं विकणारा पंडित नावाचा एक सभासद आहे, तो तर दिवसाला तीनदा करतो. शेवटी यावर उपाय काढला. फोटो वाकडा येतो, अ‍ॅप गप्प बसतं, मग हे लोक घाबरतात. त्यांना चूक सांगून उपयोग नाही. चूक म्हटलं की ते मलाच फोन करणार. तेव्हा गप्प बसण्यापेक्षा काहीतरी बोललेलं बरं. प्रत्येकाचं शेवटचं नीट वाचलेलं पान मी त्याच्या फोन नंबरावर साठवतोच. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तरी ते जात नाही. आता नवा फोटो वाचता आला नाही तर अ‍ॅप तेच शेवटचं पान वाचून दाखवेल. माणूस म्हणेल, अरे हे तर जुनं, फोन नीट धरेल, झालं.

पुण्यात याला 'वापरणाऱ्याचा विचार' म्हणतात. संध्याकाळी नवी आवृत्ती चढवली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फोन निम्म्याने कमी. मी म्हटलंच होतं.

फक्त पंडित. "सर, पेपर शिळा ऐकू यायलाय. रोज त्योच. आमच्या पिंगळीच्या फाटकाचं काम चालू होनार म्हनून. ते काम होऊन गेलं, गाड्याबी जायलेत वरून."

मी म्हटलं, "पंडितराव, तुमच्या हातात रद्दी देत असेल कुणीतरी."

"न्हाई ना सर. पेपरवाल्या पोराकडून मीच घेतो. शाईचा वास येतोय ताजा."

वासावरून तारीख ओळखणारा माणूस. मी फोन ठेवला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं, मोठे साहेब पहिल्या रांगेत. खंदारे स्टेजवर माझ्या शेजारी. ठरलं होतं की ते स्वतः 'वाचा' चालवून दाखवतील. त्यांनी स्वतःचा फोन काढला. मी हळूच तो बाजूला केला आणि माझा त्यांच्या हातात दिला. धोका कोण पत्करेल?

साहेबांनी खिशातून एक निमंत्रणपत्रिका काढून दिली. खंदारेंनी फोन धरला, एकदाच, अगदी सरळ. फोनने सगळी पत्रिका वाचली, खालची 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' सुद्धा. टाळ्या. पेपरवाल्यांनी फोटो घेतले.

टाळ्या चालू असताना खंदारे माझ्या कानाशी वाकले. "जीवनसर, तुमचा फोन माझ्या हातात बोलला. म्हंजी हात चांगला हाय माझा."

मी म्हटलं, "सरावाने जमतं काका."

त्यांचा चेहरा असा झाला की जणू मीच आंधळा आहे आणि मला रस्ता ओलांडून द्यायचाय. अशा लोकांचं कितीही करा.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मुलाखतीची तारीख आली, चार नोव्हेंबर. पेपरातला फोटो त्यांना पाठवला.

दुपारी ताडकळसहून फोन. सरजाबाईंची सून सुकेशनी, शाळेत शिक्षिका आहे. "सर, आत्याबाईची दोन्ही पाकिटं एकच बोलायलीत. साखरेचं धरलं तरी बीपीची गोळी म्हणतंय. मी घरी असले की मी बघते, पर मी शाळेत, माझा माणूस गाडीवर ड्रायव्हर. आत्याबाईला आता स्वतःच्या हातानं घ्यायची सवय लागलीय. काय करू?"

मी म्हटलं, "मॅडम, चांगल्या उजेडात धरायला सांगा. चमकणाऱ्या पाकिटावर फोटो खराब येतो."

"त्यांना उजेड कसा कळंल सर?"

दिवाळी तोंडावर, मला पुण्याला मित्रांकडे जायचं होतं. म्हटलं, सणानंतर बघू.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळी पुण्याहून उतरलो तर फोनवर सुकेशनीचे सात कॉल. सरजाबाई दवाखान्यात आहेत. पहाटे उठवलं तर उठेनात, अंग घामाने थबथबलेलं. साखर एकदम खाली गेली होती. तीन दिवस रोज रात्री बीपीची समजून त्यांनी साखरेची गोळी घेतली, सकाळच्या गोळीवर आणखी एक. काल सणाचं खाऊन पोट जड म्हणून रात्री जेवल्याही नाहीत.

वाचल्या. सलाईन चालू आहे.

मी दवाखान्यात गेलो. कशाला गेलो ते खरं लिहितो: अ‍ॅपची चूक नाही हे सगळ्यांसमोर दाखवून द्यायला. बाहेर बोभाटा झाला असता, मुलाखत बारा दिवसांवर.

सरजाबाई जाग्या होत्या. सुकेशनी उठली. तिने पिशवीतून गोळ्यांचा डबा काढला, सासूचा फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "धरा. तुमीच धरा. तुमाला दिसतंय ना."

खिडकीजवळ भरपूर उजेड होता. साखरेचं पाकीट सपाट धरलं, हात न हलवता. बटण. "रक्तदाबाची गोळी. रात्री जेवणानंतर एक," फोनमधली बाई म्हणाली.

पुन्हा केलं. तेच.

सलाईनची बाटली धरली. "रक्तदाबाची गोळी. रात्री जेवणानंतर एक." कॉटची चादर धरली. तेच. मग, का ते सांगता येत नाही, मी स्वतःचा तळहात धरला.

"रक्तदाबाची गोळी. रात्री जेवणानंतर एक."

शेजारच्या कॉटवरच्या बाईचा नातू खुदकन हसला. सरजाबाई म्हणाल्या, "बगा, सुकेशनी, मला वाटलं माझीच अक्कल गेली."

घरी आलो, जेवलो नाही. कन्सोल उघडलं. सुकेशनीने सांगितलं होतं की आत्याबाई रात्री नऊ-सव्वानऊला गोळी घेतात. त्यांच्या फोनमध्ये पाकिटाच्या फोटोची वेळ होती: एकवीस तारीख, नऊ वाजून बारा मिनिटं. कन्सोलच्या नोंदीत एकवीस तारीख, नऊ वाजून बारा मिनिटं: विनंती नामंजूर. अधिकार नाही. वीस तारीख, नऊ वाजून सहा, नामंजूर. बावीस तारीख, नऊ वाजून वीस.

सकाळी सातला पेपर येतो. रात्री नऊला गोळ्या घेतात. दसऱ्याला पेपरवाला घरोघर फिरत नाही.

चोर कुणी नव्हतेच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कारण सापडलं. शोधावं लागलंच नाही, कन्सोलच्या एका पानावर लिहिलेलंच आहे. स्टोअरवर चढवलेल्या अ‍ॅपवरचा माझा ठसा निघतो आणि स्टोअर आपल्याकडे ठेवलेला दुसरा ठसा मारून ते लोकांच्या फोनवर पाठवतं. केबलने टाकलेल्या अ‍ॅपवर माझा, स्टोअरवरून घेतलेल्यावर दुसरा. त्या पानावर दोन्ही ठसे एकाखाली एक दिलेले आहेत. मी चावीच्या बंधनात फक्त पहिला लिहिला होता.

दुसरा ठसा उचलून तिथे चिकटवला, जतन केलं. चार मिनिटं लागली. मग स्वतःच्या फोनवरचं अ‍ॅप काढून पहिल्यांदाच स्टोअरवरून घेतलं, आणि किराणा दुकानाची पिशवी धरली. वाचली.

'दोन्ही अ‍ॅप एकच आहेत ना?' असं खंदारेंनी २९ सप्टेंबरला विचारलं होतं. वर लिहिलेलं आहे. 'अर्थात'सुद्धा माझ्याच अक्षरात आहे.

शेवटचं पान वाचायची युक्ती काढून टाकून नवी आवृत्ती पाठवली. मग निरोप लिहिला: 'सेवेतील तांत्रिक अडचणीमुळे काही सभासदांची गैरसोय झाली. अडचण दूर करण्यात आली आहे.' खंदारेंना आधी ऐकवला.

"काही सभासद म्हंजी किती, सर?"

"काका, असंच लिहितात."

"लिहीत असतील. आमी वाचत न्हाई ना. परवा रविवारी बैठक हाय. या, अन् तोंडानं सांगा."

२६ ऑक्टोबर, रविवार

चौतीस जण आले होते. मला वाटलं होतं, माझा चेहरा दिसणार नाही, सोपं जाईल. उलट झालं. समोर कुणाचीच नजर नाही म्हटल्यावर आपल्या आवाजाचं काय होतंय ते आपल्यालाच ऐकू येतं. माझा आवाज शाळेत मार खाताना व्हायचा तसा झाला होता.

सगळं सांगितलं. चावी, ठसा, आलेख. चोरांचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती, पण निघून गेलं.

पंडित म्हणाला, "थांबा सर. म्हंजी रोज सकाळी दारावर येणारे ते चोर आमी?"

"हो."

"अन् तुमी खुश होत होता?"

"हो."

एकजण हसला, मग दोघं-तिघं, मग खोलीभर हसू. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हसू थांबल्यावर खंदारेंनी मांडीवरचे जाड कागद उघडले. ब्रेलमध्ये टोचलेले. आलेली प्रत्येक तक्रार आणि माझं त्यावरचं उत्तर त्यांनी तारखेनिशी लिहून ठेवलं होतं. ऑपरेटरची सवय असणार. ते बोटांनी वाचू लागले, त्या रेडिओच्या आवाजात, चढ-उतार न करता.

"चोवीस सप्टेंबर. सिद्धोधन खंदारे. फोटो निगतो, आवाज न्हाई. सर म्हणाले, फोन सरळ धरायला शिका. पंचवीस सप्टेंबर. बायनाबाई, चारठाणा. नातीचं मार्कांचं पत्रक वाचंना. सर म्हणाले, कागद उलटा धरला असेल. सात ऑक्टोबर. पंडित, पिंगळी. पेपर शिळा. सर म्हणाले, रद्दी असेल."

वीस मिनिटं चाललं. बायनाबाईंचं मला आठवतही नव्हतं, या वहीतही नाही. मी म्हटलं असेन. माझंच वाक्य वाटतं.

"अठरा ऑक्टोबर. सरजाबाई, ताडकळस, सुनेच्या तोंडून. दोन्ही पाकिटं एकच बोलायलीत. सर म्हणाले, चांगल्या उजेडात धरा."

त्यांनी कागद मिटले. म्हणाले, "मंडळानं काय ठरवायचं? अ‍ॅप ठेवायचं का काढायचं?"

 मग बायनाबाई, म्हाताऱ्या, मागच्या भिंतीला टेकलेल्या, म्हणाल्या, "ऑगस्टात नातीची चिठ्ठी मी माझ्या मी वाचली होती. मला ते पाहिजे. हे सर न्हाई पाहिजेत, पर ते पाहिजे."

दोन्ही मिळूनच येतं, असं खंदारेंनी त्यांना समजावलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मुलाखत झाली, लॅपटॉपवर. एक बाई, दोन पुरुष. 'वाचा' त्यांना आवडलं. मग त्यातल्या तरुण पुरुषाने विचारलं, सगळ्यात अवघड चूक कोणती शोधली? तयार केलेलं उत्तर होतं. पण मी हे सांगितलं, जसं घडलं तसं. चारशे चोर आले तिथे तो खळखळून हसला. म्हणाला, "कमाल आहे! आणि युझर्स बिचारे फोन फिरवत बसले असतील."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. व्यवस्थित दाढी, मागे पुस्तकांचं कपाट. ताडकळस कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्यासारखं त्यात काही असेल असंही वाटत नाही. इतका उथळ, इतका स्वतःवर खुश माणूस मी पाहिला नव्हता. निदान बाहेरून पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "एक बाई मरता मरता वाचली."  मुलाखत घेणाऱ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळी मेल आली. नाही म्हणताहेत, सभ्य शब्दांत.

आईला सांगितलं. तिने विचारलं, "ती बाई कशी हाय आता?" पगाराचं विचारलं नाही. माझ्या आईला मी पुरता ओळखत नाही की काय.

९ नोव्हेंबर, रविवार

खंदारेंना घेऊन ताडकळसला गेलो. एसटीत त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली. वारा लागला की कोणतं गाव आलं ते त्यांना कळतं म्हणे. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. पिंगळीला रुळांच्या तेलाचा वास येतो, ताडकळसच्या अलीकडे उसाच्या पाल्याचा. मला कसलाही आला नाही.

काम असं होतं. सेवा कधी ना कधी पुन्हा फसणारच. नेट जातं, चावी बिघडते. तेव्हा अ‍ॅपने काय बोलायचं ते ठरवायचं होतं. मी लिहून नेलं होतं: 'कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

खंदारे म्हणाले, "म्हंजी चूक परत आमचीच."

सरजाबाई बाजेवर बसल्या होत्या. बऱ्याच वाळल्यात, पण आवाज ठणठणीत. गोळ्यांचा डबा मांडीवर. 'वाचा' त्या आता गोळ्यांसाठी वापरत नाहीत. रात्रीच्या पाकिटाचा एक कोपरा कात्रीने कातरलाय, बोट लावलं की कळतं. "हे आधीच कामून सुचलं न्हाई म्हणावं, इतक्या मोठ्या इंजिनेराला," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न वळता.

वाक्य त्यांनीच सांगितलं. मला वाचता आलं न्हाई. चूक माझी हाय. गोळी घेऊ नको, कुणाला तरी इचार.

मी म्हटलं, "मावशी, ती फोनमधली बाई 'न्हाई' नीट म्हणत नाही. तुमच्याच आवाजात घेऊ या. लोकांना आपलं वाटेल." मला ही कल्पना चांगली वाटली होती, येताना एसटीत सुचलेली. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

त्यांनी तोंड उघडलं, आणि थांबल्या.

"'चूक माझी हाय' हे मी म्हणू?"

 खंदारे मान खाली घालून काठीच्या मुठीवरून बोट फिरवत होते. आतून सुकेशनीचा भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला.

मी फोन वळवला आणि स्वतःच्या तोंडाशी धरला.

पहिल्यांदा खंदारे म्हणाले, "स्टेशनवरच्या बाईसारखं झालं. माणसासारखं म्हणा." दुसऱ्यांदा 'चूक माझी' पाशी मी भरकन निघून गेलो, ते त्यांनी लगेच पकडलं. तिसऱ्यांदा गप्प बसले. म्हणजे चाललं.

केबल लावून अ‍ॅप सरजाबाईंच्या फोनमध्ये टाकलं. स्टोअरवर नवी आवृत्ती चढली की बाकीचे तीच घेतील, पण सरजाबाईंना आधी हातात घेऊन बघायचं होतं. त्यांनी फोन घेतला, चाचपून मागचं भिंग शोधलं, त्यावर अंगठा दाबून धरला आणि बटण दाबलं.

"मला वाचता आलं नाही," माझा आवाज आला. "चूक माझी आहे. गोळी घेऊ नका, कुणाला तरी विचारा."

सरजाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मान हलवली. मला वाटलं आता फोन परत देतील. त्यांनी अंगठा पुन्हा भिंगावर ठेवला आणि बटण दाबलं.

मग पुन्हा.

सुकेशनी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा पाचवी वेळ चालू होती. तिने कप माझ्यापुढे ठेवला.  परतीची एसटी साडेपाचची होती आणि आत्ता कुठे चार वाजत होते.